चिठ्ठी आपल्याकडे

भिंगवालीची नोकरी आकाशाची, पण तेहतीस वर्षांत कामाच्या वेळात तिने वर मान करून आकाश म्हणून पाहिलं नाही. वेधशाळा म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे घुमट येतो, दुर्बीण येते, दाढी कुरवाळणारा शास्त्रज्ञ येतो. अहो, दुर्बीण नुसता फोटो काढते. पूर्वी तो फोटो काचेवर निघायचा, शाळेतल्या पाटीएवढ्या काचेवर, आणि त्या काचेवरचा एकेक ठिपका मोजायला खाली तळघरात कोणीतरी बसलेलं असायचं. इथे ती बसलेली होती. डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेली असायची म्हणून भिंगवाली हे नाव पडलं, आणि असं चिकटलं की तिचं खरं नाव आठवायला हजेरीचा कारकूनसुद्धा घटकाभर डोकं खाजवायचा.

खोलीत एकवीस लोखंडी कपाटं. त्यांत काचा कागदी पाकिटांत घालून उभ्या लावलेल्या. मध्ये खालून दिवा लागणारं टेबल, एक स्टूल, एक पंखा, तोही काचांवर धूळ उडते म्हणून बंद. खिडकी नाही. दमट हवेने काचांवरचा लेप सुटतो, म्हणून खिडकी ठेवायचीच नाही असा मूळ नकाशा. छताला लागून वीतभर उंचीची एक जाळी होती, तिच्यातून अंगणातून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. भिंगवाली माणसं बुटांवरून ओळखायची. दरवाजा जाड, आपोआप लागणारा, आणि त्याच्या किल्ल्या दोनच. एक तिच्या कमरेला, दुसरी साहेबांच्या खणात.

त्या हजारो काचांमधली एक काच तिच्या नशिबाला बांधलेली होती. तिच्यावर एक दीर्घिका होती. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव म्हणा. आपला सूर्य अशाच एका गावचा रहिवासी. ही दुसरी, लांबची. किती लांब? तिथून निघालेला उजेड इथे पोचायला तेरा कोटी वर्षं लागतात. एवढ्या लांब असूनही बाईसाहेबांना आणखी लांब जायची घाई, सेकंदाला अठ्ठावीसशे किलोमीटर या वेगाने ती आपल्यापासून पळत होती. काचेवर मात्र नखाएवढी. काचेवर आकाश पांढरं दिसतं आणि तारे काळे, तेव्हा हीसुद्धा काळपट, तिरक्या धरलेल्या बशीसारखी आडवी, लांबट. मध्ये दाट गाभा, गाभ्यातून निघालेले दोन हात गोल वळत बाहेर गेलेले, आणि खालच्या कडेला धुळीची एक फिकट रेघ. ती रेघ ज्या बाजूला, ती कड आपल्या जवळची. साहेबांनी तिचं नाव भोवरा ठेवलं होतं. साहेब तेव्हा साहेब नव्हते, तिशीतला हुशार, धडपड्या शास्त्रज्ञ होते, आणि भोवरा हा त्यांचा जीव की प्राण होता.

भोवऱ्याची कुठली टोकं आपल्याकडे येतात आणि कुठली दूर जातात, हे वेगळ्या काचेवरच्या वर्णपटावरून साहेबांनी स्वतः काढलं होतं. म्हणजे तो कुठल्या दिशेने फिरतो ते कळलं. राहिलं एवढंच, की त्याचे हात कुणीकडे वळलेत, डावीकडे की उजवीकडे. हे सांगायला काही पदवी लागत नाही, डोळे असले की झालं. ते काम त्यांनी भिंगवालीला दिलं.

आता काचेला असतात दोन बाजू. एका बाजूने बघितलं तर आकाश आहे तसं दिसतं, दुसऱ्या बाजूने बघितलं तर आरशातल्यासारखं उलटं. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. म्हणून तळघराचा पहिला नियम होता, चिठ्ठी आपल्याकडे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात, बरोबर त्या बाजूला, नंबराची कागदी चिठ्ठी चिकटवलेली असे. चिठ्ठी आपल्याकडे तोंड करून असली की काच सुलटी. डोकं चालवायचं नाही, चिठ्ठी बघायची. नियम इतका सोपा की त्यात चूक व्हायला जागाच नाही, असं सगळ्यांना वाटायचं.

घोडं कुठे पेंड खातं ते ऐका. भिंगवालीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि नोकरी पक्की व्हायला दोन महिने राहिले होते. नवरा मास्तर, दूरच्या बंदराच्या गावी शाळेत भूगोल शिकवायचा. त्याला तिथे त्याचे म्हातारे वडील, हिला इथे अंथरुणाला खिळलेली आई. बहीणभाऊ दोघांनाही नाहीत. तेव्हा तात्पुरतं म्हणून दोघं दोन गावी. त्या दिवशी तो दोन दिवसांसाठी येणार होता, पाच वाजता बसस्थानकावर उतरणार होता, आणि पाचला दहा कमी असताना भिंगवालीच्या हातून भोवऱ्याची काच टेबलाच्या कडेला लागली. कडकन आवाज झाला. खालचा कोपरा तडकला.

नोकरी कच्ची, हातात फुटकी काच, बाहेर नवरा वाट बघतोय. काय करेल माणूस? तिने काच पाकिटात घातली, पाकीट कपाटात घातलं आणि धूम ठोकली. दोन दिवसांनी मास्तर परत गेल्यावर तिने ती काच काढली, दोन कोऱ्या काचांच्या मध्ये धरली आणि चारी कडा काळ्या पट्टीने बांधून टाकल्या. जुन्या काचा अशा बांधायची पद्धत होतीच, त्यामुळे नोंदवहीत 'कडा बांधल्या' असं लिहिलं, त्यात खोटं काही नव्हतं. तडा पट्टीखाली गेला. चिठ्ठी फुटक्या कोपऱ्यावर होती, ती ओल्या कापसाने सोडवून वरच्या काचेवर लावली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग चिठ्ठी आपल्याकडे करून तिने भिंग लावलं आणि हातांची दिशा लिहून साहेबांना दिली.

साहेबांनी तो कागद वाचला आणि उभेच राहिले. गिरकी घेणाऱ्या मुलीची वेणी मागे राहते. दीर्घिकांचंही बहुतेक तसंच, फिरताना त्यांचे हात मागे रेंगाळतात. भिंगवालीच्या कागदाप्रमाणे साहेबांच्या भोवऱ्याची वेणी पुढे धावत होती. अशी दीर्घिका क्वचित सापडते. साहेबांनी तिला परत मोजायला लावलं. तिने परत मोजलं, चिठ्ठी आपल्याकडे करून. तेच उत्तर. वर्षभरात साहेबांचा लेख आला, परिषदा झाल्या, वर्तमानपत्रात 'उलटा भोवरा' असं छापून आलं, आणि साहेब साहेब झाले. भिंगवालीला त्या दिवशी वरच्या मजल्यावर बोलावून चहा दिला. ती दोन दिवस हवेत होती.

तात्पुरतं म्हणून काढलेली दोन बिऱ्हाडं तशीच राहिली. वेधशाळेची एक छोटी शाखा त्याच बंदराच्या गावी होती. भिंगवालीने बदलीचा अर्ज केला. मास्तरांना तिने तसं कळवलं, तर त्या भल्या माणसाने लगेच खिडकीपाशी तिच्यासाठी एक टेबल करून घेतलं. तिला दिवसभर उजेड मिळत नाही, निदान घरी तरी मिळावा, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. पहिला अर्ज परत आला, जागा रिकामी नाही म्हणून. ते खरंही होतं. तीन वर्षांनी जागा निघाली, तिने दुसरा अर्ज केला. त्याच्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला, 'या बाईंशिवाय मोजणी विभागाचं पान हलत नाही. बदली शक्य नाही.' पुढे चार वर्षांनी तिसरा अर्ज. शेरा तोच.

खरं सांगायचं तर तो शेरा वाचून ती रडली आणि सुखावलीही. आईला वाचून दाखवला. मास्तरांना अक्षरन् अक्षर कळवला. मास्तरांनी उत्तर दिलं, तुझी एवढी किंमत आहे हे वाचून अभिमान वाटला, टेबलावर सध्या बाबांची औषधं ठेवतो. राजीनामा देऊन निघून जावं असं शंभरदा तिच्या मनात आलं. पण आई होती, आईच्या औषधपाण्यासकट डोक्यावरचं छप्पर नोकरीचं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर्षातले अठरा दिवस एकत्र, बाकी पत्रं, पुढे फोन. मूलबाळ झालं नाही. होणार कसं?

आणि मग चौदा वर्षांपूर्वी कुलूप आतून लागलं. एका मासिकात कुठल्याशा लघुग्रहाचा फोटो आला होता. कोपऱ्यात भोवरा होता, अगदी पुसट, त्याचे हात दिसतही नव्हते. पण त्याच्या शेजारी चार तारे होते. हे चार तारे भिंगवालीला घरच्यांसारखे पाठ, आमटी वाढायच्या डावासारखी त्यांची आकृती, दांडा डावीकडे. मासिकात दांडा उजवीकडे होता. छापणाऱ्याने उलटं छापलं असेल म्हणून ती आधी हसली. मग तिने त्याच भागाची छोट्या दुर्बिणीची दुसरी एक काच शोधून काढली. तिच्यावर भोवरा म्हणजे नुसता डाग, पण तारे स्वच्छ. दांडा उजवीकडे.

ती स्टुलावर बसली. भोवऱ्याची काच सुलटीच होती, चिठ्ठी उलट्या बाजूला लागली होती. मास्तर जाऊन आठ तास झालेले, डोळे भरलेले, त्या सकाळी तिने फुटकी काच कुठल्या बाजूने धरली होती ते तिलाही सांगता आलं नसतं. भोवरा अगदी चारचौघांसारखा फिरत होता, वेणी मागे सोडून. उलटं होतं ते फक्त तिचं बघणं, आणि त्या बघण्यावर साहेबांचं नाव, त्यांची खुर्ची, सगळं उभं होतं. बोललं तर साहेबांची अब्रू जाणार, फुटकी काच लपवली हे बाहेर येणार. गप्प बसलं तर तिथेच बसावं लागणार, कारण बदली झाली, राजीनामा दिला, काहीही केलं तरी जाताना चार्ज द्यावा लागतो. चार्ज देणं म्हणजे नव्या माणसासमोर एकेक काच दिव्यावर धरून तपासून दाखवायची. त्यात ही निघालीच असती. त्या दिवसापासून तिने बदलीचा ब सुद्धा काढला नाही. दोन वर्षांनी आई गेली, आता ये म्हणून मास्तरांनी तीनदा लिहिलं. तिने कामाचं निमित्त सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी लिहिलं नाही. सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी ते शाळेतच फळ्यासमोर कोसळले, आणि निरोप घेऊन कारकून खाली आला तेव्हा ती भिंग लावून दुसऱ्याच कुठल्या दीर्घिकेचे हात मोजत बसली होती.

इतकी वर्षं ती चूक दुसऱ्या कोणाच्या लक्षात कशी आली नाही, असं तुम्ही विचाराल. भोवरा अंधुक, लांबचा, मोठ्या दुर्बिणींना बाकी कामं थोडी होती का? आणि साहेबांनी एकदा सांगितलं की ते परत कोण तपासतं?

तपासलं ते नवीने. नवी म्हणजे विद्यापीठातून आलेली एक संशोधक, सहा महिन्यांच्या करारावर, जुन्या काचांची संगणकावर चित्रं उतरवून घ्यायला. सगळे तिला नवी म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. बोलघेवडी पोर, तळघरात आली की खोलीला पंखा लावल्यासारखं व्हायचं. तिच्याकडे परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीने सहज टिपलेलं भोवऱ्याचं नवं चित्र होतं, आणि त्यात हात सरळ मागे वळलेले होते. ती हरखून साहेबांकडे गेली. साहेबांनी शांतपणे सांगितलं, की दुर्बिणीत आरसे असतात, चित्रं उलटी होतात, तू संगणकावर ते उलटं लावलंयस, परत तपास. तिने परत तपासलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बजावलं, की शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे, त्यात हे असलं पोरकट काही दिसलं तर करार पुढे वाढणार नाही आणि शिफारसपत्रही मिळणार नाही.

मंगळवारी नवी खाली आली आणि भिंगवालीच्या समोर जमिनीवरच बसली. डोळे सुजलेले.

"मावशी, मी सगळं चौथ्यांदा तपासलं," ती म्हणाली. "साहेब म्हणतात ते बरोबर असणार. मला डावं-उजवंच कळत नाही बहुतेक. ती मूळ काच तुम्ही मोजलेली ना? हात कुणीकडे होते हो?"

भिंगवालीच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. तेहतीस वर्षं निघाली, चार महिने काय! तिने भिंग पुसलं, परत पुसलं आणि म्हणाली, आता आठवत नाही गं. नवीने मान हलवली आणि गेली. जाळीतून तिच्या पांढऱ्या बुटांची जोडी अंगणातून जाताना दिसली, सावकाश, म्हाताऱ्या माणसासारखी. त्या संध्याकाळी भिंगवालीला जेवण गेलं नाही. खोटं ती आधीही बोलली होती, पण ते गप्प राहून. असं कुणाच्या तोंडावर, डोळ्यांत बघून, पहिल्यांदाच.

बुधवारी सकाळी नवी परत आली. तिला ती काच बघायची होती. कपाटाचा क्रम अजून तिथवर आला नव्हता, पण क्रम सोडून काच मागायचा तिला हक्क होता. नोंदवहीत लिहायचं आणि शेजारी ती काच याआधी कोणी नेली असेल तर ती मागची नोंद लिहायची, एवढीच अट. भिंगवालीने न बघताच लिहिलं, मागची नोंद नाही. ती काच तिच्याशिवाय कोणी हाताळलीच नव्हती. पण नवीला जुन्या वह्या चाळायची हौस, ती तोवर सगळ्यात खालची, भिंगवालीच्या रजेच्या दिवसांपुरती ठेवलेली वही उघडून बसली होती.

"आहे की मावशी. ही बघा, सव्वीस वर्षांपूर्वीची."

भिंगवालीने वही ओढून घेतली. अक्षर साहेबांचं. काचेचा नंबर, भोवऱ्याच्या काचेचा, आणि त्याखाली छोट्या दुर्बिणीच्या त्या दुसऱ्या काचेचाही. अकराला नेल्या, अडीचला परत. वार सोमवार. तारीख तिला पाठ होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून तिने त्या वर्षात आईसाठी घेतलेली ती एकुलती एक रजा. आणि दुसऱ्या अर्जावरच्या शेऱ्याची तारीखही पाठ होती, कारण तो कागद तिने घरी डब्यात जपून ठेवला होता. त्याच आठवड्यातला बुधवार. जिने आयुष्यभर दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, तिला सोमवार ते बुधवार हे अंतर मोजायला भिंग कशाला लागतंय?

तिने नवीला सांगितलं, काच उद्या देते. मग दरवाजा लावून जिना चढून वर गेली. चहाच्या त्या दिवसानंतर वर जायची तिची ही पहिलीच वेळ, तीही न बोलावता. साहेबांच्या खोलीला तीन खिडक्या होत्या आणि उजेडाने तिचे डोळे दिपले. साहेब बसा म्हणायची तिने वाट पाहिली नाही. सोमवारची तारीख सांगितली, दोन्ही नंबर सांगितले.

साहेबांनी चष्मा काढला. मग त्यांनी समजुतीच्या सुरात बोलायला सुरुवात केली. तसा माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. ते म्हणाले, त्यांना शंका आली म्हणून त्यांनी दोन काचा शेजारी धरल्या होत्या, पण तोवर लेख चार भाषांत गेला होता. बाईंनी मुद्दाम केलं नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, म्हणून एक शब्द बोलले नाहीत, बाईंची नोकरी सांभाळली. आता दोघंही याच वर्षी निवृत्त होणार. चार्ज ते स्वतः घेतील, काचा तपासणार नाहीत. नवीला दुसरा विषय देतील, पोर हुशार आहे. चार महिने, बस.

सगळं किती सोयीचं होतं. भिंगवालीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"माझे अर्ज?"

साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "बाई, तुम्हाला सोडलं असतं तर चार्ज दुसऱ्या कोणीतरी घेतला असता."

पान हलत नाही म्हणे! ते कौतुक नव्हतं, कडी होती. आईला वाचून दाखवलेली, मास्तरांना अक्षरन् अक्षर कळवलेली कडी. गंमत बघा, त्यांनी बाहेरून लावली आणि पुढे हिने आतून लावली, आणि दोघं चौदा वर्षं अंगणात भेटले की एकमेकांना नमस्कार करत होते.

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी खिडकीपाशी टेबल करून घेतलं होतं. एकोणतीस वर्षं झाली. मी त्या टेबलापाशी एकदाही काम केलं नाही. मी तुम्हाला माफ करणार नाही. मला स्वतःलाही नाही करता येत. पण त्या मुलीला आपलं डावं-उजवं चुकतंय असं वाटायला लागलंय, ते मला बघवत नाही."

साहेबांनी तिला हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नका असं सांगितलं. काच लपवल्याची चौकशी लागेल, निवृत्तीनंतरचे हक्क अडकतील, हेही सांगितलं. ती जिना उतरली. भीती वाटत होतीच. ती कुठे जाते?

गुरुवारी सकाळी नवी आली तेव्हा काच टेबलावर होती आणि नोंदवही उघडी होती. वहीची पानं क्रमांक घातलेली, फाडता येत नाहीत. त्यात भिंगवालीने शाईने लिहून ठेवलं होतं, 'ही काच मी फोडली. मीच बांधली. चिठ्ठी उलट्या बाजूला मीच लावली. हातांची दिशा चुकीची दिली गेली आहे.' खाली सही आणि तिचं पूर्ण नाव. नवीने ते दोनदा वाचलं. ती काही बोलणार तोच भिंगवालीने काच उचलली, चिठ्ठी खाली केली आणि दिवा लावला. तिने भिंग नवीच्या हातात दिलं.

नवीने बघितलं. मग उठून भिंगवालीला बघू दिलं. चार ताऱ्यांचा डाव, दांडा उजवीकडे. भोवरा तेवढाच, नखाएवढा, पण हात मागे. बत्तीस वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. हजारात नऊशे नव्याण्णव असतात तसा, साधा. तिला हुंदका आला आणि तिने तो आवरला नाही. नवी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

अहवाल शुक्रवारी गेला. साहेबांनी सही केली, करणार काय, वही वरच्या कचेरीत पोचली होती. महिन्याभराने त्यांचं चार ओळींचं दुरुस्तीपत्र छापून आलं. त्यात लिहिलं होतं, मोजणी विभागातील चुकीमुळे दिशा उलटी नोंदली गेली. तेहतीस वर्षांत भिंगवालीच्या कामाचा छापील उल्लेख झाला तो हा एवढाच. उलटा भोवरा गेला आणि साहेबांना कोणी काही बोललं नाही. मोठ्या माणसांच्या चुका खालच्या मजल्यावर राहतात.

पण त्याआधी, अहवालाच्या पुढच्याच सोमवारी, कारकून एक लखोटा घेऊन तळघरात आला होता. चौकशी लागली नव्हती. चौकशीत वहीतली सव्वीस वर्षांपूर्वीची नोंदही निघाली असती, हे साहेबांना कळत होतं. म्हणून शिक्षा म्हणून बदली. ठिकाण, बंदराच्या गावची शाखा. खाली लिहिलं होतं, कार्यालयाच्या निकडीमुळे बाईंनी तातडीने रुजू व्हावे.

भिंगवालीने तो कागद दिव्याच्या टेबलावर ठेवून वाचला. 'तातडीने' हा शब्द तिने बोटाने दाबून परत वाचला. मग ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी काही थांबेना. नवी घाबरली, काय झालं विचारू लागली.

"काही नाही गं," ती म्हणाली. "ही बदली मीच मागितली होती. मंजूर झाली."

तिने चार्ज रीतसर दिला. नव्या माणसासमोर एकेक काच दिव्यावर धरली, चिठ्ठी दाखवली, बाजू दाखवली; अकरा दिवस लागले. भिंग कचेरीचं होतं, ते जमा केलं. कमरेची किल्ली सोडून दिली. बंदराच्या गावी मास्तरांचं घर बंद होतं, किल्ली शेजारणीकडे होती, तिला फोन केला. घर झाडून ठेवू का, असं शेजारणीने विचारलं. भिंगवाली म्हणाली, झाडून ठेवा, फक्त खिडकीपाशी एक टेबल असेल, ते अजून आहे का तेवढं बघून सांगा. शेजारीण बघायला गेली, आणि भिंगवाली फोन कानाला धरून थांबली.